मोहल्ल्यांनी घडवलेला दसरा

कुमाऊंच्या डोंगररांगेवर वसलेल्या अल्मोडा या छोट्या शहरात दसऱ्याला एकट्या रावणाचा पुतळा उभा राहत नाही. मेघनाद, कुंभकर्ण आणि राक्षसकुळातील इतरांचे पुतळेही वेगवेगळे मोहल्ले आपापल्या हातांनी घडवतात आणि त्यांची मिरवणूक बाजारातून निघते. त्याआधी रंगणारी कुमाऊंनी रामलीला, म्हणजे रामकथेचे रागदारीवर आधारलेले गेय नाट्य, गावातले हौशी कलावंतच सादर करतात; नर्तक उदयशंकर यांनीही येथील वास्तव्यात रामलीलेला छायानाट्याचे देखणे रूप दिले होते. युनेस्कोने २००८ मध्ये रामलीलेच्या परंपरेला अमूर्त, म्हणजे वस्तुरूप नसलेल्या, वारशाच्या यादीत नोंदवले असले, तरी राष्ट्रीय वारशासाठीच्या निधीवर पहिला हक्क मोहल्ल्यांतील रामलीलेच्या तालमींचा मानला गेला पाहिजे.