धरणाखालचं घर घ्यावं का?

भगिनींनो, या आठवड्यात इतर पत्रे बाजूला ठेवून एकाच पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. पत्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवराकाठच्या अकोल्याहून आले आहे. (विदर्भातले अकोला नव्हे. नावामुळे टपालवाल्यांचाही घोटाळा होतो!) ताई लिहितात:

“यांचा प्रॉव्हिडंट फंड पुढच्या महिन्यात हातात येईल. नदीकाठी एक जुनं दुमजली दगडी घर स्वस्तात मिळतंय, आणि हे इसार द्यायला निघालेत. पण माझी जाऊ पाटणची. ती म्हणते, वर भंडारदरा, त्याखाली निळवंडे, दोन दोन धरणं उशाशी घेऊन झोपणार का? भूकंप झाला म्हणजे? तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही.”

ताई, जाऊबाईंना हसू नका हं. पाटणकडच्या घराघरांत कोयनेच्या भूकंपाची आठवण आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, माणसे साखरझोपेत असताना तो धक्का बसला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. तोवर दख्खनचा खडक म्हणजे अढळ, असाच समज होता. धरणात साठलेल्या पाण्याचे वजन, आणि फटींतून खोल झिरपणारे पाणी, यांमुळे आधीच ताणात असलेला खडक सरकू शकतो, याचा जगभर अभ्यास झाला तो प्रामुख्याने कोयनेनंतर. 1983 साली ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाजवळही धक्के जाणवले. तुमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यात, घारगाव-बोट्याकडेही सौम्य धक्के बसून गेले आहेत. तेव्हा भीती अगदीच पोकळ नाही.

पण त्या पहाटे पडलं काय, ते पाहा. कोयनेचे धरण 103 मीटर उंच. त्याला वरच्या अंगाला भेगा गेल्या, पण ते पाणी अडवून उभे राहिले. पडली ती घरे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीलाही तेच. तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली सापडून. म्हणून खरं सांगू? तुमच्या पत्रातल्या ‘धरण’ या शब्दाने मी दचकले नाही. ‘जुनं दुमजली दगडी घर’ वाचून मात्र पोटात गोळा आला.

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, दगडी, 82 मीटर उंचीचे. 1969 साली त्यालाही भेगा दिसल्या, तेव्हा मागच्या बाजूने भक्कम टेकू देऊन ते बळकट केले गेले. धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी झालीच पाहिजे, असा 2021 चा कायदा आहे. म्हणून धरणाला कधीच काही होणार नाही असे मी लिहून देणार नाही, पण त्याच्याकडे बघायला इंजिनियर आहेत. तुमच्या भिंतीकडे कोण बघणार?

जाडजूड भिंतीला फसू नका. अशी भिंत पुष्कळदा आतून-बाहेरून दगडाचे दोन पापुद्रे आणि मधे भर, अशी असते. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे सुटून बाहेर कोसळतात. घर बघायला जाल तेव्हा पडदे आणि रंग बघू नका. सांध्यात खिळा घालून खरवडा. माती भुरभुरली तर समजा. भिंतीला कुठे पोट आलंय का, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय का, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरलेला काँक्रीटचा सलग पट्टा आहे का, छतावर किती माती आहे? जमीन काळी असेल तर पाया मुरुमापर्यंत नेलाय का, हेही विचारा. नंतर एक स्ट्रक्चरल इंजिनियर स्वतः पैसे देऊन न्या. विकणाऱ्याने आणलेला नको! तो कदाचित म्हणेल, वरचा मजला उतरवा, भिंती बांधून घ्या. तो खर्च धरून मग घर स्वस्त आहे का, ते कागदावर मांडा.

आता नदी. 12 जुलै 1961 ला पुण्यावर पानशेतचे पाणी आले, तेव्हा भूकंप नव्हता. अपुऱ्या बांधलेल्या मातीच्या धरणात पावसाचे पाणी चढले होते. धरण न फुटताही पावसाळ्यात जादा पाणी सोडतातच. म्हणून जलसंपदा खात्याच्या पूररेषा नकाशावर घर कुठे येते ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर सौदा सोडाच. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. त्या बोटाने दाखवतील.

आणि एक. धरणाजवळ, शेंडी-भंडारदऱ्याकडे, प्लॉट घ्यायचा विचार कुणी डोक्यात घातला तर आधी सातबारा वाचा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय इतरांना घेता येत नाही. ‘सगळं होऊन जाईल’ म्हणणाऱ्या दलालांपायी लोकांची आयुष्याची पुंजी अडकते.

यांना कसं सांगू, असंही तुम्ही विचारलंय. भूकंपाचं नाव काढू नका, ते हसण्यावारी नेतील. एवढंच म्हणा, “इसार आठ दिवसांनी देऊ, आधी इंजिनियरला दाखवू.” आयुष्यभराच्या फंडापुढे आठ दिवस म्हणजे काही फार नव्हे, हे त्यांनाही पटेल. आणि कुठल्याही घरी राहायला गेलात तरी पलंगाच्या डोक्यावरच्या फळीवर पितळी हंडे ठेवू नका.

काय ठरलं ते जरूर कळवा. जाऊबाईंना माझा नमस्कार.