नावेवर हुकूम कोणाचा?

8 ऑगस्ट 2019 रोजी, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाजवळ वसलेल्या ब्रह्मनाळ गावी, महापुरात अडकलेल्या ग्रामस्थांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे, त्यांत बायका आणि लेकरे, बुडून मेली. नाव ग्रामपंचायतीची होती, आणि तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढली होती. चढू दिले कोणी, हा प्रश्न मी दोषारोपासाठी विचारीत नाही. पाणी उंबऱ्याशी आले असता, कडेवर पोर घेऊन हात जोडणाऱ्या बाईला ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगण्याचे बळ निव्वळ सद्भावनेतून येत नाही, ते आधी ठरवून दिलेल्या अधिकारातूनच येते.

आता पुष्कळ ठिकाणी हवेने फुगणारी रबरी नाव पुरात वापरली जाते, आणि ती योग्यच आहे. कारण तिचे कप्पे परस्परांपासून विभक्त असल्याने एखादा फुटला तरी ती तत्काळ बुडत नाही, आणि उथळ पाण्यातही ती सहज चालते. परंतु हे हलकेपण हाच तिचा धोका होय. इंजिनाला एकाएकी जोर दिला की तिचे नाक वर उचलले जाते, ओढीला आडवी सापडली की ती पालथी होते, आणि बुडत्या माणसाजवळ फिरता राहिलेला पंखा पाण्याहूनही घातक ठरतो. म्हणून जाणता नावाडी प्रवाहाच्या खालच्या अंगाने, नावेचे तोंड वर ठेवून, माणसाजवळ जातो, त्याला आत ओढण्यापूर्वी पंखा थांबवतो, आणि इंजिन बंद पाडणारी दोरी स्वतःच्या अंगाला अडकवून ठेवतो, जेणेकरून तो पाण्यात फेकला गेला तरी नाव मोकाट फिरू नये. शिवाय पुराखाली गेलेल्या शिवारात बाभळी असतात, काटेरी तारांची कुंपणे असतात, विजेच्या तारा असतात. समुद्रावर पोसलेल्या कोळ्यालाही हे पाणी नव्याने शिकावे लागेल.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर बिनपगारी जीवरक्षकांची जुनी परंपरा आहे. सिडनीच्या उत्तरेकडील ॲव्हेलॉनच्या मंडळाने 1969 च्या सुमारास अशी नाव लाटांतील बचावासाठी आणली. तेथे स्वयंसेवकाने आधी नावेतील सहायकाची परीक्षा द्यायची, आणि मगच ती हाकण्याची विद्या शिकायची, असा क्रम आहे. तरीही, ब्रह्मनाळच्या दुर्घटनेच्याच वर्षी, 21 एप्रिलला, व्हिक्टोरिया प्रांतात पोर्ट कॅम्पबेलजवळ एका पर्यटकाच्या मदतीस धावलेली बचाव-नौका उलटली आणि तिच्यावरचे दोन स्वयंसेवक, पिता आणि पुत्र, प्राणास मुकले, पर्यटक वाचला. जिथे इतकी सिद्धता आहे तिथेही पाणी असा बळी घेते, मग पावसाळ्याच्या तोंडावर नवी नाव गावात आणून, हार घालून, पोहता येणाऱ्या दोन तरुणांच्या हवाली करणे ही मला त्या तरुणांच्या बाबतीत अक्षम्य कसूर वाटते.

स्वयंसेवकाला नियमांनी जखडू नये, असे म्हणणारे लोक सज्जन असतात, पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. नदी पगारपत्रक पाहत नाही. चैत्र-वैशाखात संथ पाण्यावर सराव, हवेचा दाब आणि इंधन यांची नोंदवही, आणि जितकी जीवरक्षक जाकिटे तितकीच माणसे हा दंडक, एवढी तजवीज कोणत्याही तालुक्याला अशक्य नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तो तहसील कचेरीचा एक लेखी हुकूम: नाव पाण्यात असेतो माणसांची संख्या आणि निघण्याची वेळ नावाडीच ठरवील, आणि सरपंच असो, आमदार असो वा खुद्द तहसीलदार, त्याचा नकार कोणालाही फिरवता येणार नाही.

मात्र हा अधिकार देताना त्या बाईचाही विचार झाला पाहिजे. तिने मागे थांबायचे ते परतणाऱ्या नावेच्या भरवशावर. तेव्हा काठावर दुसरे इंजिन तयार हवे, ते चालवणारा दुसरा हात हवा, आणि ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगणाऱ्याच्या टाकीत त्या खेपेपुरते इंधन असलेच पाहिजे.