मलिक अंबर : धारा आणि नहर



शहरात गेलात की शहागंजला तुमची चक्कर होतेच. कुणाला लेकीबाळींसाठी कापड घ्यायचे असते, कुणाला फळफळावळ, तर कुणाला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी घडीभर टेकायचे असते. त्या गर्दीत कधी मनात आले का, की धरण नव्हते, इंजिन नव्हते, वीज नव्हती, तेव्हा एवढे मोठे शहर पाणी कुठले पीत होते? शेजारी नदी म्हणावी तर खाम. तिचे उन्हाळ्यातले रूप तुम्ही पाहिलेच आहे.

या प्रश्नाच्या उत्तरात एका माणसाचे नाव येते : मलिक अंबर. आजचे पान त्याच्यासाठी. शेतीच्या पानावर इतिहास कशाला, असे कुणी म्हणेल. पण या माणसाचा निम्मा इतिहास शेतसाऱ्याचा आहे आणि उरलेल्यातला बराचसा पाण्याचा. तेव्हा तो आपल्याच कामाचा आहे.

बाजारात विकलेला पोर

मलिक अंबर जन्मला आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, सन १५४८ च्या सुमारास. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे करत एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरला आणि शेवटी आपल्या दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही कधीकाळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबरने लष्कर पाहिले आणि दप्तरही पाहिले. धनी वारल्यावर तो मोकळा झाला. काही काळ विजापूरकरांकडे शिलेदारी करून पुन्हा निजामशाहीत परतला.

सन १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. पण अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधून त्याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि कारभार आपल्या हाती घेतला. राजधानी पुढे जुन्नरला आणि मग दौलताबादला आली. सन १६१० मध्ये त्याने खडकी या गावी नवे शहर वसवले. तेच पुढे फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. मलिक अंबर स्वतः कधी गादीवर बसला नाही, पण १६२६ पर्यंत, म्हणजे पंचवीसएक वर्षे राज्य केले ते त्यानेच.

तो साधुसंत होता असे मात्र समजू नका. त्या काळच्या दरबारात कटकारस्थान, विषप्रयोग, प्रतिस्पर्ध्याचा काटा काढणे हे सारे चाले आणि अंबरही त्यातून सुटला नाही. पण त्याने रयतेशी जो व्यवहार ठेवला, तो समजून घेण्यासारखा आहे.

मक्ता गेला, मोजणी आली

त्याच्या आधी सारा वसूल होई तो बहुधा मक्त्याने. जो जास्त बोली लावील त्याला परगणा मिळायचा. मक्तेदाराने दरबारात रक्कम भरायची आणि मग रयतेकडून दामदुप्पट काढायची. पुढच्या साली मक्ता दुसऱ्याकडे गेला तर आपले काय, म्हणून यंदाच ओरबाडून घ्यायचे. गाव ओस पडले तरी त्याचे काही जात नव्हते.

अंबरने हा मक्ता बंद केला. जमिनीची पाहणी केली आणि तिच्या मगदुराप्रमाणे प्रत ठरवली. चांगल्या काळ्या रानाला एक हिशेब, हलक्या माळरानाला दुसरा. सुरुवातीला सारा धान्यात घेतला. काही हंगाम नीट पाहिले, कोणत्या जमिनीत खरोखर किती पिकते याचा अंदाज घेतला आणि मग त्यावरून रोकड धारा बांधला. तोही दर साली किती रान लागवडीखाली आहे ते पाहून. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने लिहिले आहे, की हा सारा उत्पन्नाच्या दोन पंचमांश होता असे म्हणतात, पण लोकांत चालत आलेल्या समजुतीप्रमाणे रोकडीत तो एक तृतीयांश पडे.

आता दहा पोत्यांतली चार पोती ही काही थोडी नव्हेत. हा धारा हलका होता असे मी म्हणणार नाही. पण शेतकऱ्याला पेरतानाच ठाऊक असे, की आपल्याला किती द्यायचे आहे आणि घरात किती राहणार आहे. तेवढे कळले की माणूस बांध घालतो, विहीर खोदतो, पडीक मोडतो. उद्याची खात्री नसेल तर रानात खतसुद्धा कोणी टाकत नाही. मोडकळीस आलेली गावकी त्याने पुन्हा उभी केली. पाटील-कुळकर्ण्यांची वतने चालवली आणि मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क मानला. पुढे पुणे प्रांत उजाड झाला, तेव्हा शहाजीराजांचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी तिथे वसुलीची घडी बसवताना हीच रीत पुढे ठेवली, असे इतिहासकार सांगतात.

याचे फळ काय मिळाले ते लढायांत दिसते. १६१६ मध्ये जालन्याकडच्या रोशनगावी अंबर हरला. मोगलांनी खडकीत शिरून शहर जाळले. १६२१ मध्ये शहाजादा खुर्रमच्या फौजेने ते पुन्हा उद्ध्वस्त केले. तरी तीनच वर्षांनी, १६२४ मध्ये, अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने मोगल आणि विजापूरकर या दोघांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. तिथल्या तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या तळावर चिखल केला, असे सांगतात. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. राजधानी दोनदा जळूनही माणूस उभा राहतो, तेव्हा त्याला दाणा, वैरण आणि स्वार कुठून मिळत होते? माझ्या मते त्याचे उत्तर नांदत्या गावांत आहे. शहर जळाले तरी काळी पिकत होती.

जमिनीखालची नदी

आता पाण्याकडे वळू. नव्या शहरासाठी अंबरने नहर बांधली. शहराच्या उत्तरेला हर्सूलकडे डोंगर आहेत. पावसाचे पाणी तिथे मुरते आणि जमिनीखालून उताराकडे सरकते. त्याने जमिनीखाली चुनेगच्ची बोगदा काढून ते झिरपे गोळा केले आणि बेताचा उतार देऊन पाणी शहराकडे आणले. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवली. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढायला माणूस आत उतरे. पुढे खापरी नळांतून पाणी हौदाहौदांत जाई. मोट नाही, बैल नाही, रात्रंदिवस आपोआप वाहणारे पाणी. जमिनीखालून असल्यामुळे उन्हाने आटतही नसे.

पुढच्या काळात इतरांनीही नहरी काढल्या. पाणचक्की अंबरची असे पुष्कळांना वाटते, पण ती आणि तिची नहर नंतरची, अठराव्या शतकातली. शहागंजच्या मोठ्या हौदाचे श्रेय सय्यद हुसेन अलीला जाते. १७१५ च्या आसपास तो दख्खनचा सुभेदार होता. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली की लोकांना या हौदाचा मोठा आधार होई, अशी नोंद त्याच काळच्या खाफीखानाने करून ठेवली आहे. पाणी साठवणाराचे नाव लोक विसरत नाहीत ते असे.

आज शहर जायकवाडीचे पाणी पिते. नहरींची बरीच तोंडे बुजली, नळ फुटले, काहींवर घरे उभी राहिली. बांधणारा एक पिढी असतो, गाळ काढणारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या लागतात. आपल्या गावच्या पाझर तलावाचे आणि नालाबांधाचे याहून वेगळे नाही.

आपण काय घ्यायचे?

१४ मे १६२६ रोजी मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून पाहून या. त्याच्या पश्चात दहा वर्षांत निजामशाही संपली. पण जमिनीत किती पिकते ते आधी पाहावे आणि मग आकडा ठरवावा, ही त्याची रीत जुनी झाली नाही.

आज पीक विम्याची भरपाई ठरते तीही मागच्या वर्षांच्या सरासरी उत्पन्नावर आणि यंदाच्या पीक कापणी प्रयोगावर. तुमच्या गावात हा प्रयोग कोणत्या गटात आहे ते विचारून घ्या आणि त्या दिवशी तिथे हजर राहा. माप आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या. आणि घरात एक वही ठेवा. कोणत्या तुकड्यात काय पेरले, खत किती, पाणी किती, पोती किती, हे दर हंगामाला लिहा. लिहिण्याचे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या, ती चोख करील. पाच वर्षांनी ती वही उघडलीत की आपल्या रानाचा मगदूर कागदावर दिसेल. मग कोणी काही आकडा सांगितला तर तुमच्यापाशी तुमचा आकडा असेल.

आणि हो, पावसाळ्यापूर्वी विहिरीतला गाळ काढायला विसरू नका.