कोव्हेंट्रीचा बळी आणि आपल्या सोयीचा चर्चिल

ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. नोव्हेंबर १९४०. एनिग्मा यंत्राने सांकेतिक केलेले जर्मन संदेश ब्रिटिशांनी फोडायला सुरुवात केली आहे आणि हिटलरला त्याचा पत्ता नाही. अशाच एका संदेशातून चर्चिलला कळतं की आज रात्री कोव्हेंट्रीवर बॉम्बहल्ला होणार. शहर रिकामं करावं तर शत्रूला संशय येईल आणि गुपित फुटेल. चर्चिल काळजावर दगड ठेवून गप्प बसतो. शहर जळतं, गुपित वाचतं. इथे सांगणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "याला म्हणतात नेतृत्व!"

मी ही गोष्ट व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत ऐकली आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकली आहे आणि फॉरवर्ड म्हणून तर कितीदा आली याची गणतीच नाही. दर वेळी श्रोते माना डोलावतात. अडचण एवढीच की ती खरी नाही.

हल्ला खरा होता. १४ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आसपास जर्मन विमानं कोव्हेंट्रीवर आली. साडेपाचशेहून अधिक माणसं मेली, मध्ययुगीन कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. 'मूनलाइट सोनाटा' नावाची मोठी मोहीम येते आहे, हेही ब्रिटिशांना आधी कळलेलं होतं. पण कुठे? फोडलेल्या एका संदेशात 'कॉर्न' असा शब्द होता. तो कोव्हेंट्रीसाठी होता, हे तेव्हा कुणाला उमगलं नाही. हवाई खात्याचा अंदाज होता लंडन आणि दक्षिण इंग्लंडचा. विमानांना वाट दाखवणाऱ्या रेडिओ शलाका कोव्हेंट्रीवर एकमेकींना छेदताहेत, हे त्या दिवशी दुपारी कळलं. ते संदेश फोडून नव्हे, तर प्रत्यक्ष शलाका ऐकून. मग त्या शलाका बिघडवायचे प्रयत्नही झाले. पण त्यासाठीची यंत्रं २००० हर्ट्झऐवजी १५०० हर्ट्झला लावलेली होती. जर्मन विमानांतल्या यंत्रणेने तो आवाज सरळ गाळून टाकला.

आणि चर्चिल? तो त्या संध्याकाळी ऑक्सफर्डशायरमधल्या डिचलीला निघाला होता. वाटेत त्याने गुप्त कागदांची पेटी उघडली, वाचलं आणि गाडी लंडनकडे वळवायला सांगितली. हल्ला लंडनवर होणार, अशी त्याची समजूत झाली होती. कचेरीतल्या लोकांना सुरक्षित जागी धाडून तो स्वतः हवाई खात्याच्या इमारतीच्या छतावर जाऊन विमानांची वाट पाहत राहिला. ती आलीच नाहीत.

मग ही कथा आली कुठून? अल्ट्रा, म्हणजे या फोडलेल्या संदेशांचं गुपित, तीन दशकं सांभाळलं गेलं. १९७४ साली विंटरबॉथम या निवृत्त अधिकाऱ्याने त्यावर पुस्तक लिहिलं, तेही दप्तर न पाहता, आठवणीतून. पुढे सरकारी कागद खुले झाले, इतिहासकारांनी ते तपासले आणि कथा कोसळली. पण आपल्या माना काही डोलायच्या थांबल्या नाहीत.

का? कारण ही कथा फार सोयीची आहे. नेत्याला असं काही ठाऊक असतं जे तुम्हाला ठाऊक नसतं. तेव्हा तुमचं घर जळताना दिसलं तरी प्रश्न विचारू नका, त्यामागे काहीतरी थोर कारण असणार, असं ती शिकवते. असा नेता कधी चुकतच नाही. त्याचं अपयशसुद्धा त्याग ठरतं. चुकीच्या आकड्यावर लावलेलं यंत्र हे या हल्ल्यामागचं खरं, चौकशी करण्याजोगं कारण. ते या कथेतून गायबच होतं.

बरं, 'शहर की गुपित' हा पेचच मुळात खोटा आहे. गुपित जपायचे मार्ग होते आणि ते वापरले जात. भूमध्य समुद्रात शत्रूची रसदवाहू जहाजं कुठून जाणार हे फोडलेल्या संदेशांतून कळलं की आधी एक टेहळणी विमान धाडायचे. जहाजांना ते दिसलं पाहिजे, म्हणजे आपण त्या विमानामुळे सापडलो असं त्यांना वाटेल. मग हल्ला.

चर्चिलचं या बाबतीतलं मोठेपण पाहायचं असेल, तर ते दुसऱ्याच ठिकाणी आहे. २१ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्लेचली पार्कमधल्या ट्युरिंग, वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी या चौघांनी साहेबांना डावलून थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. तक्रार काय? माणसं कमी आहेत. कारकून नाहीत म्हणून रात्रपाळी बंद पडली आहे आणि नौदलाच्या किल्ल्या शोधायला रोज किमान बारा तास उशीर होतो आहे. वीसेक कारकून बायका मिळाल्या तर निभेल. मिल्नर-बॅरी ते पत्र घेऊन स्वतः डाउनिंग स्ट्रीटला गेला. चर्चिलने या चौघांना शिस्त शिकवली नाही. त्यांना हवं ते सगळं प्राधान्याने द्या आणि दिल्याचं मला कळवा, असा हुकूम त्याने काढला. वर 'आजच कारवाई' असा शेरा.

यात नाट्य नाही. वीस कारकुनांवर सिनेमा निघत नाही. पण खालच्या माणसाची तक्रार वाचणं आणि त्याच दिवशी हलणं, हा निर्णय त्याने खरोखर घेतला होता.

मी चर्चिलचा वकील नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं लाखोंनी मरत असताना, भारतातून वारंवार मागितलेलं धान्य त्याच्या मंत्रिमंडळाने पुरेसं पाठवलं नाही. तो निर्णय खरा आहे आणि नोंदलेलाही आहे. त्या फिर्यादीला कोव्हेंट्रीचं खोटं कलम जोडायची गरज नाही. आणि ज्यांना चर्चिल थोर वाटतो, त्यांनाही या खोट्या बळीची गरज पडू नये.

पुढच्या वेळी कुणी ही गोष्ट सांगून दाद मागितली, तर एवढंच विचारा: त्याला सगळं ठाऊक होतं, तर त्या रात्री तो लंडनच्या छतावर कुणाची वाट पाहत होता?