आकड्याला हार कसा घालायचा?

स्मारक म्हटले की आपल्याला चौथरा, लोखंडी साखळी आणि उद्घाटकाची पाटी आठवते. वर्षातून एकदा हार पडतो. उरलेले दिवस कबुतरांचे. याला आपण स्मरण म्हणतो!

1 जुलै 2016 रोजी ब्रिटनमध्ये निराळेच घडले. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईला त्या दिवशी शंभर वर्षे झाली. तिच्या पहिल्याच दिवशी 19,240 ब्रिटिश सैनिक मेले होते. जेरेमी डेलर या कलावंताने गाजावाजा न करता 1,400हून अधिक स्वयंसेवक महायुद्धातल्या गणवेशात स्टेशनांवर, बाजारांत धाडले. भाषण नाही, घोषणा नाही. कोणी जवळ आले की मुकाट्याने हाती एक कार्ड. त्यावर त्या दिवशी मेलेल्या एका सैनिकाचे नाव आणि पलटण.

'ही तर सोंगे!' असे आपले विद्वान म्हणतील. दशावतार आणि भारूड पाहत वाढलेल्यांनी सोंगाला हिणवावे? चौथऱ्याला जे जमत नाही ते या सोंगाने केले. मेलेला माणूस जिवंताच्या हाती दिला.

माझा खरा प्रश्न पुढेच आहे. आपण अशी कार्डे काढायची म्हटली तर त्यांवर लिहिणार काय? 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियात कुत पडले, तेव्हा शरण गेलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कैदेतल्या पायपिटीत कितीतरी शिपाई वाळवंटातच राहिले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावे कोरली; साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली नुसता आकडा! या पंक्तिप्रपंचाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली माफी मागितली. आपल्या मुलखातल्या कित्येक गावांतही तशाच पाट्या आहेत: इतके गेले, इतके मेले. हार घालायला मान लागते. आकड्याला ती कुठून असणार?

पण इंग्रजाला दोष देऊन मोकळे होऊ नका. त्या पाटीशेजारच्या घरात पणजोबांचे नाव अजून कुणाला तरी ठाऊक असेल. मराठा पलटणीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. ते नाव घेऊन तिथे आपल्यातले किती जण चौकशीला गेले? आपण मात्र पाटी कोणत्या भाषेत असावी यावर डोकी फोडतो. कार्ड मराठीत लिहा, कन्नडातही लिहा. माणसाचे नाव दोन्हींत तेच राहते. या दिवाळीत घरातल्या थोरांना विचारा, लिहून घ्या, आणि येत्या 29 एप्रिलला स्टेशनवर उभे राहून लोकांच्या हाती द्या. भाषण नको.