सायकलयात्रा आणि देणगीचा हिशेब

परोपकारासाठी सायकलयात्रा आखणाऱ्या मंडळींचे लक्ष प्रथम नकाशाकडे जाते; ते खरे तर खातेवहीकडे जावयास हवे. एखाद्या खेड्यातील शाळेसाठी निधी जमवावयाचा आणि त्यातूनच निवास, भोजन व सामान वाहणाऱ्या टेम्पोचे भाडे भागवावयाचे, तर देणगीदाराचे दान नेमके कोणास पोहोचले? प्रवासखर्च सायकलस्वारांनी स्वतः सोसावा आणि देणगीचे खाते सर्वस्वी स्वतंत्र ठेवावे. २००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

मग मार्ग. म्हैसूर, श्रवणबेळगोळ, हासन, हळेबीड, बेलूर हा कर्नाटकातील रस्ता घाट टाळू इच्छिणाऱ्यांस सोयीचा. पठारावरील चढउतार, नाचणीची शेते, नारळीच्या बागा, मधूनच एखादे तळे. पावसाळा टाळून डिसेंबर-जानेवारी निवडावा. पहिलाच टप्पा सुमारे ८० किलोमीटरांचा. कागदावर तो फार सोपा दिसतो. पहाटे निघाल्यास सूर्यास्तापूर्वी भोजन निवांत उरकते. उशीर झाला, तर चौविहार पाळणारा स्वार दिवसभराच्या श्रमानंतर उपाशीच निजणार.

त्याच दुपारी विंध्यगिरी चढण्याचा मोह मात्र आवरावा. सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी, आणि उन्हाने तापलेला खडक! बाहुबलींचे दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे व त्या दिवशी हासनपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटरच ठेवावेत.