पाहण्याचे शिक्षण

शिराळ्याचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते, ते फणा काढलेल्या नागाचे. वर्षानुवर्षे नागपंचमीला छायाचित्रकार या गावी येत आणि फण्याचे चित्र टिपून परत जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व पुढे उच्च न्यायालयाने घातलेले निर्बंध यांमुळे जिवंत नागांच्या त्या प्रदर्शनाला आळा बसला. गावाचे ते एकमेव चित्र मात्र लोकांच्या मनातून पुसले गेलेले नाही. आता कॅमेरा मोबाइलच्या रूपाने घरोघर पोहोचला आहे. तरीही वर्षातील उरलेल्या दिवसांचे शिराळे कोणी पाहिले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

साधन हाती आले म्हणजे दृष्टी येतेच असे नाही. अक्षरओळख झाल्यावाचून वाचन होत नाही, तशीच रेषा, आकार, पोत आणि छायाप्रकाश यांची ओळख पटल्यावाचून छायाचित्र साधत नाही. या ओळखीसाठी दूरच्या निसर्गरम्य स्थळी जाण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांच्या ११ मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. मूर्तीच्या दोन्ही बाजूंस झरोके असून उगवतीचे व मावळतीचे ऊन त्यांतून मारुतीच्या मुखावर येते. समोरून पडलेला उजेड चेहरा सपाट करतो, तर बाजूने आलेला उजेड त्याला उठाव देतो. छायाचित्रणाचा हा पहिला धडा त्या झरोक्यांपाशी कोणालाही मिळावा.

पुढचे धडे घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतात. सारवलेल्या अंगणातील बोटांच्या खुणा भर दुपारी दिसत नाहीत. सकाळचे तिरपे ऊन आले की त्या उमटतात. हाच पोत. भाताच्या खाचरांचे बांध म्हणजे रेषा, आणि उतरंडीतील मडकी म्हणजे एकाच आकाराची लहान होत गेलेली आवर्तने. एक आठवडा केवळ रेषाच टिपायच्या, दुसरा आठवडा केवळ सावल्या. एकच भिंत सकाळी, दुपारी व सायंकाळी पाहायची. चौकटीत नको असलेले वगळण्यासाठी दोन पावले पुढे सरकायचे. एवढ्या शिस्तीला पैसा लागत नाही, सवड मात्र लागते.

ही शिस्त शाळेतच लागणे इष्ट. कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र हे विषय पूर्वापार आहेत. त्यांचा पाया रेषा, आकार व छायाप्रकाश हाच. चित्रकलेच्या तासाला त्याच पायावर कॅमेऱ्याची जोड देणे कठीण नाही. मुलांच्या हाती मोबाइल देणे घातक, असा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. परंतु त्यासाठी प्रत्येक मुलाला मोबाइल देण्याची गरज नाही. वर्गाला शिक्षकांचा एक मोबाइल पुरेल. प्रत्येक विद्यार्थ्याला एकच चित्र घेण्याची मुभा असावी, आणि तेही आधी कागदावर कच्चे रेखाटून. एकदाच बटण दाबायचे आहे हे ठाऊक असलेला मुलगा आधी नीट पाहील.

यात केवळ हौसेचा प्रश्न नाही. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील भिंतींवरची व अंगणांतली लोककला छायाचित्रांत जतन केली. आज आपल्याकडेही लाकडी खांबांचे वाडे उतरत आहेत आणि सारवलेल्या अंगणांवर फरशी बसत आहे. मोडण्यापूर्वी त्यांची नोंद ठेवील अशी नजर गावातच तयार व्हायला हवी. बाहेरचा पाहुणा पुन्हा फणाच शोधत येईल.

आणि ज्याला कुंभाराच्या मातीच्या नागावर पडलेला कवडसा टिपता येतो, त्याला चित्रासाठी जिवंत नाग डिवचण्याचे कारण उरत नाही. कायद्याने हात आवरतात. नजर बदलते ती शिक्षणाने. शिराळ्याच्या शाळांनी ते काम हाती घ्यावे.